तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या खोलीत एसी का नाही

"आईच्या खोलीत एसी आहे, मग तुझ्या का नाही?" घरी येणारा प्रत्येक जण वर्तमानपत्राने वारा घेत हे विचारतो. मी "बिल केवढं येतं!" म्हणून मोकळी होते. खरं कारण ते नाही.

मला उन्हाळा अंगाला लागलेला आवडतो. पहाटे सगळ्या खिडक्या उघडायच्या, ऊन चढायच्या आत बंद करून पडदे ओढायचे. दुपारी उघड्या फरशीवर पाठ टेकायची. कपडे तर वाळत घालून वळेपर्यंत वाळलेले. वैताग आहेतच. टाकी तापल्यामुळे गार पाण्याच्या नळालाही गरम पाणी, आणि लिहिताना मनगटाला चिकटणारा कागद. गंमत म्हणजे आजच्या एसीची सुरुवात कागदापायीच झाली. 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंग सरकायचे, म्हणून विलिस कॅरियरने ती यंत्रणा आखली. माणसांच्या सुखाचं नंतर सुचलं. हे मी पूर्वी फार ऐटीत सांगायचे.

मग ती दुपार आली. वीज सकाळपासून नव्हती. आईला दोनदा पाणी नेऊन दिलं, दोन्ही वेळा "तहान नाही गं." वय झालं की तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो, हे मी वाचलेलं होतं. पण प्रत्यक्षात दिसते ती खुर्चीत शांत बसलेली म्हातारी बाई, दुसरं काही नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "शाळा सुटली का गं?" माझे केस पिकलेत. कपाळाला हात लावला तर चटका बसावा इतकं तापलेलं, आणि कोरडं. ॲम्ब्युलन्सला फोन केला, चादर भिजवून तिच्याभोवती गुंडाळली, मानेवर, काखेत ओले फडके ठेवले, फाइलच्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. ती माझ्याकडे पाहुण्यांकडे बघावं तशी अदबीने बघत होती. ते बघणं मला अजून सहन होत नाही. ॲम्ब्युलन्समध्ये कधीतरी ती खेकसली, "अख्खी भिजवलीस की मला!" आईचं बोलणं खाऊन इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

ती घरी यायच्या आत एसी बसवला. पंखा हवा गार करत नाही, घाम सुकवतो. एक लिटर घाम सुकताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते. घामच नसेल तर पंखा नुसती गरम हवा अंगावर फेकतो. जागतिक आरोग्य संघटनाही 40 अंशांपुढे पंख्यावर भिस्त ठेवू नका म्हणते. तेव्हा आईच्या खोलीबद्दल वाद नाही.

मला मात्र भरपूर घाम येतो. एसीला 'चोचले' म्हणणारी पूर्वीची मी आता तसं म्हणत नाही. पण बंद खोलीत संध्याकाळचा वारा सुटलेला कळत नाही, हेही तीच म्हणायची, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आपली गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत सोडायची नाही, असंही मी सांगते. आईच्या एसीची कुठे जाते, हे कोणी विचारत नाही म्हणून बरं.

आणि हो, रात्री दोनला उशी चारदा उलटूनही झोप लागत नाही, तेव्हा मी चटई घेऊन आईच्या खोलीत जाते. ती डोळे न उघडता म्हणते, "दार लाव आधी, गार हवा जातेय." म्हणजे एसी वापरतेसच की, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.