सड्यावरची शिकवणी

पुतणीला अठरा पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात तिने शिकाऊ परवाना काढला. "काका, मला आठचा आकडा तेवढा शिकवा, परीक्षेत तोच काढायला लावतात," एवढीच तिची मागणी होती. तो आकडा सपाट जागेवर, समोरून कोणी येत नसताना काढायचा असतो. आमच्या गावातून बाहेर पडायचे तर घाटी उतरावी लागते आणि वळणावर चिऱ्यांनी भरलेला ट्रक समोर येतो. म्हणून तिला आधी थांबायला शिकवायचे, असे मी ठरवले.

गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, मे महिन्यात चिटपाखरू नसते. तिथे नारळाचे एक सोडण, म्हणजे वरचे जाड साल, ठेवले आणि त्याच्याशी पोहोचताच दोन्ही ब्रेक दाबायला सांगितले. ताशी २० किलोमीटर वेगाने आली तेव्हा स्कूटर पाच पावलांत थांबली. वेग दुप्पट केल्यावर दहा पावले लागतील, असा तिचा अंदाज होता. मोजली तेव्हा एकोणीस भरली. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हे तिने अकरावीत सोडवलेले गणित होते, पण त्या दिवशी ती सोडणाकडे वळून बघतच राहिली. मग सोडण काढून टाकले आणि मी अचानक "थांब" म्हणून ओरडलो. ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते, त्यामुळे बोटे ब्रेकवर आवळेपर्यंतच बरीच जमीन मागे पडली होती.

आमच्याकडे दहावीतल्या पोरांच्या हाती चावी जाते, कारण शेवटची एसटी चुकली की दुसरा इलाज नसतो. मीही पंधराव्या वर्षी वडिलांची मोटरसायकल दगडी गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, घातली होती. हनुवटीवरचा वण अजून आहे. सोळाव्या वर्षी मिळणारी मुभा फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीला आहे, हल्लीच्या ११० सीसीच्या स्कूटरला नाही, हे कित्येक पालकांना ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

घाटी आम्ही चौथ्या दिवशी घेतली. बिनगियरच्या स्कूटरचा वेग फार कमी झाला आणि मूठ पूर्ण सोडलेली असली की क्लच सुटतो, मग उतारावर इंजिनाची ओढ राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापून सैल लागू लागतात. त्यामुळे वळण येण्याआधीच वेग कमी करायचा, वळणावर हॉर्न देऊन डावी कड धरायची आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे मी तिच्याकडून प्रत्येक वळणावर करून घेतले. अर्ध्या वाटेवर थांबून तिने चाकाजवळ हात नेला आणि ऊब लागताच झटकन मागे घेतला.

मिरगाचा पहिला पाऊस धूळ आणि सांडलेले तेल एकत्र करून डांबरावर बुळबुळीत थर करतो. पक्क्या परवान्याची परीक्षा शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवसांनी देता येते, म्हणजे ती पावसाच्या तोंडावरच येईल. परंतु त्याआधी एक सर पडली तर ओल्या सड्यावर पुन्हा सोडण मांडायचे, असे तिनेच ठरवले आहे. पावले मोजायला वहीही तिने आणली आहे.