पुढच्या वर्षी परत जाऊ

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले आणि दोन-तीन तासांत आमच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. दिवसभर पडलेली झाडे तोडायची, कौले गोळा करायची आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात हाताला लागेल ते वाचायचे, असा क्रम चालला होता. त्या दिवसांत भाच्याने मागे ठेवलेली एक इंग्रजी कादंबरी मी वाचून काढली. ती होती काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’. या लेखकाच्या घराचा वादळांशी आणि उधाणाशी जवळचा संबंध आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले.

इशिगुरो यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९५४ चा, नागासाकीचा. वडील शिझुओ हे समुद्रशास्त्रज्ञ होते. १९५३ च्या जानेवारीअखेरीस उत्तर समुद्राला वादळी उधाण येऊन इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक आणि नेदरलँड्समध्ये अठराशेहून अधिक माणसे दगावली होती. असे पाणी केव्हा आणि किती चढेल याचा अंदाज आधी यावा, या कामासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने शिझुओंना बोलावले आणि १९६० मध्ये हे कुटुंब सरे परगण्यातल्या गिल्डफर्ड गावी आले. (समुद्राचा अभ्यास करणारी संस्था समुद्रापासून इतक्या आत का असावी, हा कोकणी मनाला पडणारा प्रश्न बाजूला ठेवतो.) विजेच्या मंडलांतून उत्तर समुद्राच्या पाण्याची चढउतार दाखवणारे एक यंत्र शिझुओंनी तयार केले, आणि आज ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मांडलेले आहे.

काझुओ तेव्हा पाच वर्षांचा होता. मुक्काम थोड्या दिवसांचा, वर्ष-दोन वर्षांत परत जायचे, असेच घरात धरलेले होते. मुलगा बाहेर इंग्रज पोरांबरोबर वाढत होता आणि घरात जपानी बोलत होता. आजोबा दर महिन्याला जपानहून मुलांच्या मासिकांचे पार्सल पाठवीत, कारण परतल्यावर तो तिकडच्या शाळेत मागे पडू नये. परतणे मात्र दरवर्षी पुढे गेले आणि अखेर झालेच नाही. इशिगुरोंनी जपानला पुन्हा पाय लावला तो थेट १९८९ साली, जवळपास तीस वर्षांनी.

हे वाचताना मला आमचे थोरले काका आठवले. गिरणीत लागलेले काका दर गणपतीला गावी येत आणि निघताना ‘पुढच्या वर्षी कायमचाच येतो’ असे सांगून, आमसुले आणि कुळथाचे पीठ बांधून घेऊन, रात्रीची एसटी धरीत. चाळीस वर्षे त्यांचे हे वाक्य बदलले नाही. चाकरमान्याला निदान वर्षातून एकदा घराची कौले बदललेली दिसतात, वाटणीचे भांडण ऐकू येते, आणि मनातले गाव खऱ्या गावावर घासून पाहता येते. इशिगुरोंना ती सोय नव्हती. त्यांच्या मनातला जपान कोणी तपासला नाही, म्हणून तो तपशिलाने भरत गेला. पुढे तो विरून जाण्याच्या आत कागदावर उतरवावा, या ओढीनेच आपण लिहू लागलो, असे त्यांनी २०१७ च्या नोबेल व्याख्यानात सांगितले आहे.

आरंभी त्यांना गीतकार व्हायचे होते आणि ते गिटार घेऊन हिंडत असत. केंट विद्यापीठातून इंग्रजी व तत्त्वज्ञान घेऊन पदवी झाल्यावर त्यांनी लंडनमध्ये बेघर लोकांसाठी काम केले. पुढे पत्नी झालेल्या लोर्ना त्यांना तिथेच भेटल्या. १९७९ मध्ये ते ईस्ट अँग्लिया विद्यापीठात लेखनाच्या अभ्यासक्रमाला गेले. १९८२ च्या पहिल्या कादंबरीत नागासाकी आहे, १९८६ च्या दुसरीत युद्धकाळातल्या आपल्या चित्रांचे समर्थन शोधणारा म्हातारा जपानी चित्रकार आहे, आणि १९८९ च्या तिसरीत जपान अजिबात नाही. ती ‘द रिमेन्स ऑफ द डे’. तिला बुकर मिळाले.

तिचा निवेदक स्टीव्हन्स हा एका इंग्रज उमरावाच्या हवेलीतला बटलर आहे. आमच्याकडे खोताच्या वाड्यावरचे जुने कारभारी ज्या अभिमानाने धन्याचे नाव घेत, त्याच अभिमानाने तो बोलतो. धनी नाझींच्या बाजूला झुकलेला आहे आणि त्याच्या शब्दावर स्टीव्हन्स दोन ज्यू मोलकरणींना कामावरून काढतो. वडील वरच्या खोलीत प्राण सोडत असताना तो खाली पाहुण्यांची सरबराई करतो. जिच्यावर जीव होता त्या मिस केंटनला तो कधी तसे सांगत नाही. हे सारे तो आपल्याला शिस्तीत, मान वर करून सांगतो, आणि वाचणाऱ्याला त्या शिस्तीमागची भेग दिसत राहते. माझ्या मते इशिगुरोंची खरी करामत हीच: माणूस आठवणी सांगता सांगता स्वतःपासूनच काय लपवतो, ते एकही कडू शब्द न वापरता दाखवणे. या कादंबरीचा मुख्य खर्डा त्यांनी चार आठवड्यांत लिहिला. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते रात्री साडेदहा, ना पत्रे ना फोन. घरातले सगळे काम लोर्नांनी उचलले होते.

१९९५ ची ‘द अनकन्सोल्ड’ मला दोनदा प्रयत्न करूनही पुरी करता आली नाही. २००५ ची ‘नेव्हर लेट मी गो’ मात्र विसरता येत नाही. अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेली मुले त्या कादंबरीत आहेत, आणि देशात हरवलेले सगळे अखेर नॉरफकच्या कोपऱ्यात सापडते अशी त्यांची समजूत आहे. शेवटी त्यांच्यातलीच एक, निवेदिका कॅथी, तिथल्या एका शेतापाशी उभी राहते, तेव्हा तारांच्या कुंपणाला वाऱ्याने आणलेला कचरा अडकलेला असतो. वादळानंतर आमच्या सुरूच्या बनातही फाटकी जाळी, चपला आणि कुणाच्या तरी घराचे पत्रे असेच अडकून होते.

‘क्लारा अँड द सन’ ही त्यांची कादंबरी २०२१ साली आली. ती त्यांनी २०१९ मध्ये वारलेल्या आपल्या आईच्या, शिझुकोंच्या, स्मृतीला अर्पण केली आहे. नागासाकीच्या अणुबाँबमधून वाचलेल्या या बाईंनी १९६० नंतरचे सारे आयुष्य इंग्लंडमध्येच काढले.