कोऱ्या लॅपटॉपवर संघाचा कोड

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स संघात मी दाखल झालो, त्या दिवशी मला गिट रिपॉझिटरीचा, म्हणजे संघाचा सामायिक कोड ठेवलेल्या साठ्याचा, पत्ता आणि ‘क्लोन कर, बिल्ड कर, मग बोलू’ एवढीच सूचना मिळाली. क्लोन व्हायला, म्हणजे कोडची प्रत उतरायला, दोन मिनिटे लागली आणि बिल्ड व्हायला, म्हणजे तो चालण्याजोगा बनायला, पूर्ण आठवडा. त्या आठवड्यात जे अडथळे आले, तेच पुढे माझ्या पहिल्या योगदानाचे विषय ठरले.

पहिला अडथळा आवृत्त्यांचा होता. आमचा कोड ‘रॉस २’ या रोबोटसाठीच्या सॉफ्टवेअर संचाच्या हम्बल आवृत्तीवर बेतलेला होता. मे २०२२ मध्ये आलेल्या या आवृत्तीची तयार पॅकेजेस उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २२.०४ आवृत्तीसाठी मिळतात, आणि माझ्या लॅपटॉपवर २४.०४ होते. रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, याचा उल्लेख नव्हता, कारण ती लिहिली गेली तेव्हा सर्वांकडे २२.०४ च होते. शेवटी मी डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे लॅपटॉपमधल्याच एका वेगळ्या कप्प्यात, २२.०४ चे वातावरण उभे केले आणि तेथे काम सुरू केले.

त्यानंतरही कोलकॉन या साधनाने बिल्ड करताना एक पॅकेज सापडत नव्हते. खरे तर रॉसडेप हे साधन प्रत्येक पॅकेजची ‘पॅकेज डॉट एक्सएमएल’ फाइल वाचून लागणारी सर्व अवलंबित्वे, म्हणजे ते ज्यांवर विसंबून असते ती इतर पॅकेजेस, बसवून देते. पण ज्याची नोंदच त्या फाइलमध्ये नाही, ते त्याला कळणार कसे? वरिष्ठ सदस्यांच्या लॅपटॉपवर ते पॅकेज कधीतरी हाताने बसवलेले होते, त्यामुळे त्यांच्याकडे बिल्ड कधीच अडले नाही आणि नोंद राहून गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. मी एका ओळीची भर घालून पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामायिक कोडमध्ये घेण्याची विनंती, पाठवली. ती तपासणाऱ्या वरिष्ठ सदस्याने ओळ बरोबर असल्याचे मान्य केले, पण कोऱ्या कंटेनरमध्ये पहिल्यापासून बिल्ड करून त्याचा लॉग, म्हणजे टप्प्याटप्प्याचा तपशील, जोडायला सांगितले. तेव्हा मला हा आग्रह जाचक वाटला होता. आज मी स्वतः तोच धरतो, कारण ज्या संघातले अनुभवी सदस्य दरवर्षी शिक्षण संपवून बाहेर पडतात, तेथे एखाद्याच्याच लॅपटॉपवर चालणारा कोड त्याच्याबरोबर निघून जातो.

रोबोटच्या कोडमधली चूक पडद्यापुरती राहत नाही, हे मला दुसऱ्या प्रसंगात समजले. एका संध्याकाळी मी सिम्युलेटरमधला रोबोट चालवण्यासाठी वेगाच्या आज्ञा पाठवल्या आणि पलीकडच्या टेबलावरचा खरा रोबोट हलला. दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर होते आणि दोन्हींचा डोमेन क्रमांक (कोणी कोणाशी बोलायचे हे ठरवणारा) मूळचा, म्हणजे शून्यच, होता. अशा वेळी ‘रॉस २’चे नोड, म्हणजे त्यात चालणारे प्रोग्रॅम, एकमेकांना आपोआप शोधून काढतात. टेबलावरून चाके उचलून ठेवलेली असल्यामुळे काही मोडले नाही. तेव्हापासून प्रत्येक सदस्याला ० ते १०१ या सुरक्षित पल्ल्यातला स्वतःचा क्रमांक दिला जातो आणि त्याचा तक्ता रिपॉझिटरीतच असतो.

नव्या सदस्याचा कोड तपासताना मी सर्वाधिक वेळ एककांना आणि दिशांना देतो. रॉसच्या संकेतानुसार अंतर मीटरमध्ये आणि कोन रेडियनमध्ये मोजतात, एक्स अक्ष पुढे, वाय अक्ष डावीकडे, झेड अक्ष वर, आणि वरून पाहता घड्याळाच्या उलट वळणे धन मानतात. सेन्सर मात्र पुष्कळदा अंशांत मोजमाप देतो किंवा उलटा बसवलेला असतो. हे रूपांतर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या कोडमध्ये, एकाच जागी व्हायला हवे. दिशा शोधणाऱ्या कोडमध्ये कोणी गुपचूप उणे चिन्ह लावले, तर रोबोट त्या दिवशी सरळ चालतो खरा, पण पुढे कोणी ड्रायव्हर दुरुस्त केला की तो गोल फिरू लागतो. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ गमावले गेले, ते पाउंड आणि न्यूटन या बलाच्या एककांच्या गल्लतीमुळेच.

यंदा एका नव्या सदस्येला मी तीच रीडमी दिली. रोबोटमधल्या नियंत्रक चिपशी, म्हणजे मायक्रोकंट्रोलरशी, जोडणाऱ्या सीरियल पोर्टसाठी वापरकर्त्याला ते पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या ‘डायलआउट’ गटात घालण्याची आज्ञा तिने चालवली, तरी परवानगी नाकारली जात होती. गट बदलल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे लागते, हे मीच लिहायचे विसरलो होतो. तिने ते वाक्य घालून पुल रिक्वेस्ट पाठवली. मी कोऱ्या लॅपटॉपवर पडताळणी मागितली. लॉग तिने आधीच जोडलेला होता.