आधी फूल उघडा

आपल्या शाळेतले जीवशास्त्राचे सर झाडाचं नाव कधीच लगेच सांगत नसत. आम्ही बांधावरचं काही उपटून आणलं की म्हणायचे, "नाव कुठं पळून जात नाही रे. आधी फूल उघडा आणि आत काय दिसतं ते सांगा."

पहिला धडा कपाशीचा. बहुतेकांच्या घरी कपाशी आणि तूर असायचीच, त्यामुळे नमुन्यांना तोटा नव्हता. कपाशीचं फूल ब्लेडनं उभं चिरलं की सगळे पुंकेसर, म्हणजे फुलातले पराग देणारे नर-केसर, जुळून त्यांची एक नळी झालेली दिसते आणि तिच्या मधून कुक्षीवृंत, म्हणजे मादी भागाचा देठ, वर येतो. मग भेंडी, अंबाडी, जास्वंद. प्रत्येकात तीच नळी. हे डोळ्यांत बसल्यावर सरांनी आम्हाला शाळेमागच्या नाल्यावर सोडलं. तिथली पेटारी, चिकणा, रानभेंडी आम्ही कुणालाही न विचारता एका कुळात घातली. नाव एकाचंही माहीत नव्हतं. पण अनोळखी रोपाचं गणगोत आपल्याला कळतं, हे त्या वयात फार मोठं वाटलं, आणि खरं सांगते, आजही वाटतं.

फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलला की तुरीची पाळी. शेंगा तोडून झाल्या तरी शेतात एखाद्या झाडावर चुकार फुलं राहतात, ती सर शोधून आणायला लावत. तुरीचं फूल पिवळं आणि इवलंसं, पळसाचं केशरी आणि बोटभर. दोन्हींत एक पाकळी मागे उभी, दोन बाजूंना, आणि खालच्या दोन जुळून त्यांची होडी. आत दहा पुंकेसर, त्यांतले नऊ जोडलेले आणि एक सुटा. पळसाचा तो सुटा पुंकेसर मी स्वतः सुईनं वेगळा केला, तेव्हा मला वनस्पतिशास्त्रच शिकायचं होतं हे ठरून गेलं. पावसाळ्यात त्याच ठेवणीचा खुळखुळा सापडला. पण त्याचे दहाही पुंकेसर तळाशी जोडलेले, पाचांचे परागकोश लांबट आणि पाचांचे बुटके. कूळ तेच, प्रजाती वेगळी. कुळाच्या आतली वाट अशी एकेका खुणेनं पुढे जाते.

पुढे कॉलेजात थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेलं काम हातात आलं. त्यातल्या ओळखसूचीत प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय असतात. पानं समोरासमोर की एकाआड एक? बीजांडकोश वर की खाली? माझे सोबती गोंधळत होते, मला मात्र सर समोर बसून विचारताहेत असं वाटे.

नमुने दाबण्याचं कामही शाळेतच शिकलो. रद्दीत ठेवायचे, पावसाळ्यात कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. तारीख, जागा, फुलाचा रंग, वास, चीक हे तिथल्या तिथे लिहायचं, कारण शंखपुष्पीची निळाई वाळल्यावर टिकत नाही.

सरांनी काटेसावरीचं कूळ कपाशीपेक्षा वेगळं लिहून दिलं होतं आणि तेव्हा सगळी पुस्तकं तेच सांगत. १९९८ साली फुलझाडांचं जनुकांच्या आधारे केलेलं एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या शास्त्रज्ञांच्या गटाचं) वर्गीकरण आलं, त्यात सावर कपाशीच्या कुळात गेली आणि रुई कण्हेरीच्या. सर तोवर निवृत्त झाले होते. मी मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. ते खूप खूश झाले, पण लगेच म्हणाले, "पोरांना एवढं सांग, सावरीचा कापूस फळाच्या भिंतीतून येतो आणि कपाशीचा बियांच्या सालीवर. नाहीतर कापूस पाहून कूळ ठरवतील." विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला मी हे सांगत आले आहे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेकडे एक मागणं आहे. नाल्याच्या काठावर आता गाजरगवत आणि घाणेरी माजली आहे. दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. त्यांच्या गर्दीत पेटारी, चिकणा, खुळखुळा यांपैकी काय उरलंय, याची नोंद कुणीतरी करायला हवी. अंजनाच्या झाडांचीही. त्यांची जोडपानं सगळे ओळखतात, पण पावसाळ्यात येणारी बारीक पिवळट फुलं फारशी कुणी पाहिलेली नसतात. हे काम नववीच्या मुलामुलींनी करावं. भिंगं मी आणीन. रद्दी, ब्लेड आणि एक कोरडं कपाट शाळेनं द्यावं. ऑगस्टमध्ये कपाशी फुलावर आली की सुरुवात करू.