उद्यानासाठी खासदार निधी मागताना
इंदिरानगरमधील आमच्या कॉलनीच्या उद्यानातील घसरगुंडीचा पत्रा तळाशी गंजून फाटला आहे, म्हणून आम्ही रहिवाशांनी खासदार निधीतून काम मागायचे ठरवले आहे. १९९३ पासूनच्या या योजनेत खासदार वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवतात. मंजुरी मात्र जिल्हा प्रशासन देते, त्यामुळे शिफारसपत्र हाती पडले म्हणजे काम झाले, असे समजू नये. माझ्या मते खरी कसोटी जागेच्या मालकीची आहे, कारण लेआउटमधील खुली जागा महानगरपालिकेच्या नावावर चढली आहे की नाही, हे सातबारा उतारा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दैनंदिन देखभालीचा खर्च या निधीत बसत नाही. ती जबाबदारी महानगरपालिका घेईल, असे लेखी पत्र उद्यान विभागाकडून आधीच मिळवायला हवे.