तुलुम: वारा-पावसात समुद्रकाठचे माया अवशेष

मेक्सिकोत, कॅनकून शहराच्या दक्षिणेला सुमारे १३० किलोमीटरवर कॅरिबियन समुद्राच्या कड्यावर तुलुम उभं आहे: माया संस्कृतीतल्या जुन्या तटबंदीच्या शहराचे अवशेष. फोटोत कायम निळं पाणी दिसतं, प्रत्यक्षात मात्र हवा दगा देऊ शकते. तेव्हा आधी बघायचं की हवा खराब आहे म्हणजे नेमकं काय झालंय.

हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट येते, तिला तिकडे 'नोर्ते' म्हणतात. पाऊस थोडा, पण वारा दोन-तीन दिवस हटत नाही. अवशेष खुले असतात, गर्दी कमी असते, खुशाल जा. उन्हाळी पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळतो, म्हणून सकाळी ८ ला फाटक उघडताच आत शिरा. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. इशारा निघाला की स्थळ बंदच करतात, तिथे हुज्जत चालत नाही. जुलै २०२४ मध्ये 'बेरिल' वादळ तुलुमजवळच किनाऱ्यावर धडकलं होतं.

महामार्गावरच्या बस थांब्यापासून आत बरंच चालावं लागतं. अवशेषांच्या तिकिटाखेरीज राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क वेगळं भरावं लागतं. सुटे पेसो जवळ ठेवा. पावसात यंत्रं आणि नेटवर्क रुसतात.

तटबंदीच्या आत आडोसा जवळपास नाहीच. इमारतींना दोर लावलेले, त्यामुळे देवळात शिरून पाऊस टाळता येत नाही. छत्री कड्यावर पहिल्याच झोतात उलटी होते. कमरेला बांधता येईल असा रेनकोट घ्या. ओला चुनखडक शेवाळल्यासारखा निसरडा होतो. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत.

क्रम असा ठेवा: पाऊस थांबलेला असेल तर आधी उत्तरेकडचं वाऱ्याच्या देवाचं देऊळ. तिथूनच कड्यासकट 'एल कास्तियो' ही इथली सर्वांत मोठी इमारत, म्हणजे 'किल्ला', दिसतो आणि सकाळी त्याच्या समुद्राकडच्या अंगावर उजेड असतो. लेन्सवर खारे तुषार बसले की कोरडं फडकं फिरवू नका, मीठ नुसतं फासलं जातं. आधी साध्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने टिपा. मग आतल्या बाजूला भित्तिचित्रांचं देऊळ. ढगाळ उजेडात त्याच्या कोपऱ्यांवरचे चुन्याचे मुखवटे सपाट वाटतात. समोरून न बघता तिरकं उभं राहा, नाक-डोळे सुटे दिसू लागतात. उतरत्या देवाच्या देवळाच्या भिंती वर जाताना बाहेर झुकतात आणि दार वर निमुळतं होतं. पाया खचला म्हणून नव्हे, बांधणीच तशी. दारावरची मूर्ती डोकं खाली, पाय वर अशी आहे.

खाली पुळणीवर जाणारा जिना समुद्र खवळला की बंद करतात. एरवी उघडा असला तरी लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये. एप्रिल ते ऑगस्टमध्ये तर सरगॅसम नावाच्या समुद्री शेवाळाचे ढीग कुजत पडलेले असू शकतात. मग पोहण्याचे कपडे घेऊन जाणं म्हणजे नुसतं ओझं.

कड्यावर उभं राहवणार नाही इतका वारा असेल, तर ४५ किलोमीटर आत, जंगलातलं कोबा हे दुसरं माया स्थळ धरा: झाडीत वारा लागत नाही, चिखल मात्र भरपूर. चिचेन इत्सा या प्रसिद्ध माया स्थळाकडे वळणार असाल तर घड्याळ सांभाळा. तुलुम किंताना रू राज्यात, चिचेन इत्सा युकातानमध्ये, आणि तिथली वेळ एक तास मागे. सकाळी ७ ला निघून दोन तासांत पोचलात तर तिथे नुकतेच ८ वाजलेले असतात. परतीच्या बसला हाच तास अंगावर येतो.