कुकर भलताच आला, आणि परत न्यायलाही कुणी तयार नाही

चुकीची वस्तू आली की ॲपमध्ये ‘रिटर्न’ दाबायचं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण न्यायला आलेला माणूसच ती वस्तू घ्यायला नकार देतो तेव्हा काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी आई लालबागला चाळीत एकटी राहते. गॅस चालू राहून जाईल या धास्तीने आम्ही तिला इंडक्शन शेगडी घेऊन दिली आणि त्यावर चालणारा पाच लिटरचा स्टीलचा कुकर ऑनलाइन मागवला. पैसे आधीच भरले होते. खोक्यातून निघाला तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा. आईच्या फ्रिजवरचं चुंबक काढून मी कुकरच्या बुडाला लावून पाहिलं, ते सरळ घसरून खाली पडलं. म्हणजे इंडक्शनवर हा तापणारच नाही. आणि कुकर सगळीकडून फिरवून बघितला तरी आयएसआयचं चिन्ह कुठेच नाही. घरगुती प्रेशर कुकरवर हे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस २३४७ हा कुकरच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असावा लागतो. असे बिनचिन्हाचे कुकर आपल्या साइटवर विकू दिले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना एकेक लाख रुपये दंड केला होता. वाफेच्या दाबावर चालणारं भांडं आहे हे. ‘राहू दे गं, गॅसवर वापरेन’ असं आई म्हणाली, तेव्हा मी साफ नाही म्हटलं.

कुकर धुतला नाही, खोकं फेकलं नाही. खोक्यावरच्या कुरिअरच्या लेबलचा फोटो घेतला, ज्यात ऑर्डर नंबर आणि विक्रेत्याचं नाव दिसतं. आतल्या बिलाचा घेतला, त्यावर ‘५ लिटर, स्टील, इंडक्शन बेस’ असं स्पष्ट छापलं होतं. मग बिल आणि कुकर शेजारी ठेवून एकत्र फोटो. खोकं उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तमच, पण ई-कॉमर्सच्या नियमांत तशी अट कुठेही नाही, त्यामुळे ‘व्हिडिओ नाही तर तक्रार नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. साइटवरचं त्या वस्तूचं पान आणि विक्रेत्याचा पत्ता यांचे स्क्रीनशॉटही लगेच काढले. ही पानं नंतर बदलतात.

रिटर्नचं कारण ‘चुकीची वस्तू आली’ हेच निवडलं. ‘आवडली नाही’ किंवा ‘नको आहे’ निवडलं की सगळी चूक आपल्याकडे येते.

न्यायला आलेला मुलगा चांगला होता. त्याने कुकर हातात घेतला, मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “ताई, इथे स्टीलचा दाखवतोय, हा ॲल्युमिनियमचा आहे. फोटोशी जुळल्याशिवाय ॲप पुढे जाऊच देत नाही.”

“अरे, पण तीच तर तक्रार आहे ना! फोटोतला आला असता तर परत कशाला दिला असता?”

“माझ्या हातात काही नाही ताई.”

खरंच नव्हतं. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, तो सामान उचलणारा माणूस आहे. मी त्याला विचारून त्याच्या स्क्रीनवर आलेल्या ‘वस्तू जुळत नाही’ या संदेशाचा फोटो घेतला. पुढे सगळ्यात जास्त कामाला आला तो हाच फोटो. कारण संध्याकाळी ॲपमध्ये दिसलं, ‘ग्राहकाने परतावा रद्द केला’. हे वाचून माझा संताप झाला. चूक त्यांची, आणि नोंद माझ्या नावावर!

चॅटवर तीच तीच वाक्यं यायला लागली तेव्हा मी चॅट सोडून दिलं आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण, ही त्याची जबाबदारी. त्याच नियमांत असंही आहे की जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. ईमेल मी छोटा ठेवला: काय मागवलं, काय आलं, न्यायला आलेल्याने काय कारण दिलं, ‘परतावा मी रद्द केलेला नाही’, आणि पूर्ण पैसे मूळ खात्यात हवेत. सोबत फोटो. रागाचा एक शब्दही त्यात घातला नाही, तारखा मात्र सगळ्या घातल्या.

पोच आली, तोडगा नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथे मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीकडे जाते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ते काम ग्राहक आयोगाचं. पण इथली तक्रार कंपनीच्या वेगळ्या टेबलावर जात असावी, कारण त्यानंतर मला पहिल्यांदा माणसाचा फोन आला. ‘फोटो तपासणीशिवाय पिकअप लावतो’ म्हणाले. हीच ती गोष्ट मागून घ्यायची! कुकर देताना मी मेसेजवर पावती आल्याशिवाय खोकं हातातून सोडलं नाही. पैसे यूपीआयच्या मूळ खात्यात जमा झाले.

नसतं झालं तर ई-जागृती पोर्टलवर ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकायची माझी तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मी भांडुपला राहते, म्हणजे माझ्यासाठी वांद्र्याचा उपनगर जिल्हा आयोग. विक्रेता कुठल्याही राज्यात असो, आपल्याला तिकडे धावावं लागत नाही.

एक कळकळीने सांगते. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तो ॲपमधूनच घ्या. तिथे खोटे नंबर टाकून माणसं बसलेली असतात, ‘रिफंड देतो’ म्हणून यूपीआयचा पिन टाकायला लावतात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कुणी फसलंच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पैसे मिळाले तरी मी तिथे थांबले नाही. तो बिनचिन्हाचा कुकर दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जायला नको, म्हणून आयएसआय चिन्हाचा परवाना देणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर त्याची वेगळी तक्रार केली, फोटोंसकट. याच ॲपमध्ये सीएम/एल क्रमांक टाकला की परवाना खरा की खोटा हेही कळतं. आईसाठी नवा कुकर दादरच्या दुकानातून घेतला, तेव्हा त्याचा क्रमांक दुकानदारासमोरच टाकून पाहिला आणि मगच पैसे दिले.